अर्धा आटा

देवमन मिस्त्रींना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. जठारपेठेतल्या आमच्या दवाखान्याच्या ओट्यावर ते भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि बशीतला चहा पीत होते. रस्त्यावर एवढी वर्दळ, समोर टांगे, पानठेला, आणि हा माणूस चुन्याचे पोपडे बघत चहा पितो, म्हणजे एक तर घरी भांडून आलेला असणार किंवा डोक्यात फरक असणार, असं मी ठरवून टाकलं. मी तेव्हा वामनराव डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो आणि माणसांबद्दल ठरवून टाकायची मला फार घाई असे. नाव पुकारलं तसे ते उठले, आधी उपरण्याने तोंड पुसलं आणि मगच वळले. उंच, काळासावळा माणूस. वय पन्नाशीच्या आतबाहेर, पण गाल इतके आत गेलेले की सत्तरीचा वाटावा. हातांना वंगणाचा वास होता आणि तो आमच्या लवंगतेलाच्या वासावरही मात करत होता.

बासष्ट सालचा हिवाळा असेल. कापसाचा हंगाम लागला होता आणि मिस्त्री अकोल्यातल्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते. आमचे डॉक्टर नुसते दातांचे. मुंबईत शिकून आलेले. दातांसाठी वेगळा डॉक्टर लागतो हेच मुळी अकोल्याला तेव्हा पटलेलं नव्हतं. दात दुखला की लोक लवंग धरायचे, नाही तर बाजारात बसणाऱ्या दातवाल्याकडे जायचे. त्याच्या पुढ्यात उपटलेल्या दातांचा ढीग असे आणि तीच त्याची पदवी. त्यामुळे डॉक्टरांना वाचायला वेळ भरपूर मिळे. परदेशातली जाडजूड मासिकं ते मागवत, आणि पेशंट नसला की मला वाचून दाखवत. मला त्यातलं चार आणे कळायचं, पण मान मी सोळा आणे हलवायचो.

मिस्त्रींनी खिशातून फडक्यात बांधलेली दातांची कवळी काढली. वरची नीट बसायची. खालची मात्र जिभेवर नाचायची. बोलताना उचलायची, खाताना तर घासाबरोबरच बाहेर यायला बघायची. कवळी कोणी दुसऱ्याने केली होती, पण दोष तिचा नव्हता. डॉक्टरांनी बोट फिरवून पाहिलं आणि सांगितलं की खालच्या जबड्याचं हाडच खाली गेलं आहे, कवळी बसणार तरी कशावर. दात असतात तोवर चावण्याचा भार मुळांतून हाडाला मिळतो. दात गेले की हाडाला काम उरत नाही, मग ते आपसूक झिजत जातं, शेताचा धुरा, म्हणजे बांध, पावसाळ्यागणिक खचत जातो तसं. त्यात सैल कवळी वरून घासत राहिली की झीज आणखी वाढते.

लोखंड कामाने झिजतं, हे त्यांना जन्मभर ठाऊक. काम नसल्याने झिजणारी वस्तू त्यांनी पहिल्यांदाच ऐकली होती. मग त्यांनी विचारलं, की न हलणारी कवळी होऊ शकते का.

हा प्रश्न ऐकायला आमचे डॉक्टर जणू जन्मले होते. त्यांच्या कपाटात, कापसात गुंडाळून, दोन खुंट्या ठेवलेल्या होत्या. मुंबईच्या एका मित्राने परदेशातून आणून दिलेल्या. न गंजणाऱ्या धातूच्या, करंगळीच्या नखापेक्षा जेमतेम लांब, खाली स्क्रूसारखे आटे, वर चौकोनी डोकं. जबड्याच्या हाडात भोक पाडून त्या फिरवून बसवायच्या, डोकं हिरडीच्या वर ठेवायचं आणि त्यावर सदऱ्याच्या बटणासारखी कवळी अडकवायची. डॉक्टरांनी हे सगळं सांगितलं आणि इमानदारीने हेही सांगितलं की मी आजवर कोणाला बसवलेल्या नाहीत, तुम्ही पहिलेच. दुसरा कोणी असता तर चपला न घालताच पळाला असता. मिस्त्रींनी खुंटी हातात घेतली, उजेडात धरली, आट्यांवरून अंगठ्याचं नख फिरवलं. त्यांचा चेहरा पहिल्यांदा खुलला. आटे धारदार आहेत, पक्के धरतील, असं म्हणाले आणि डॉक्टरांनीही अभिमानाने मान डोलावली. त्या धारेकडे दोघंही कौतुकाने बघत होते, आणि मीही.

मला मात्र राहवलं नाही. औषधाची बाटली देताना मी त्यांना म्हटलं, मिस्त्री, एवढा खटाटोप कशाला करता, मऊ भात खा, कण्या खा, काय बिघडतं. ते बाटली घेऊन निघून गेले. पण पुढे खुंट्या बसवल्यावर जखम धुवायला ते वरचेवर येत गेले, आणि थोडं थोडं करत त्यांनी मला सगळं सांगितलं.

मिस्त्री मूळचे अचलपूरकडचे. लहानपणी शाळेच्या पडवीत वेगळं बसले, मळ्यात मजुरीला गेले तर भाकर वेगळी खाल्ली, जिनात फिटर झाले तरी दुपारचा भोंगा झाला की आपलं फडकं घेऊन बॉयलरच्या मागे जात. हाताखाली माणसं होती, यंत्र अडलं की मालकसुद्धा "मिस्त्री, मिस्त्री" करत धावे, पण भाकरीच्या वेळी सगळे आपले निंबाखाली गोल करून बसत आणि मिस्त्री बॉयलरमागे. कोणी घालवत नसे आणि कोणी बोलावतही नसे. छप्पन साली ते बायकोला, भागीरथाबाईंना, घेऊन नागपूरला गेले आणि दीक्षा घेऊन आले. घरातले देव विसर्जित केले. मान ताठ झाली, पण भोंगा झाला की पाय आपोआप बॉयलरकडेच वळायचे.

काट्यावर कापूस मोजायला पंजाबराव नावाचे गृहस्थ होते. भातकुलीकडचे कुणबी, घरी काळी जमीन, तोंडाने फाटके पण मनाचे मोकळे. त्याच हंगामात एका दुपारी ते गोलातून उठले, बॉयलरमागे गेले आणि मिस्त्रींचं फडकं उचलून निंबाखाली घेऊन आले. आपल्या शेजारी जागा केली आणि म्हणाले, "सरक इकडे. तुही भाकर काय न्यारी हाये?"

दोघं जण कुरकुरत उठून पलीकडे गेले. त्यातला एक काही दिवसांनी आपणहून परत आला, दुसरा आला नाही, आणि पंजाबरावांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्या गोलात एक रीत होती. भाकर ज्याची त्याची, पण ठेच्याची वाटी एकच, मधोमध. प्रत्येकाच्या घरचा ठेचा तीत पडायचा आणि सगळ्यांचे घास त्या एका वाटीत बुडायचे. मिस्त्री त्या वाटीबद्दल सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. पंजाबराव भागीरथाबाईंच्या ठेच्याचं नाव काढून मागायचे आणि मिस्त्री घरी जाऊन तिला ते सांगायचे. पुढे ती वारली, त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा गोलातल्या कोणीतरी त्यांच्यासाठी भाकर आणली होती.

मग हिरड्या बिघडल्या. दात हलले, पडले, उरलेले काढावे लागले, कवळी आली. आणि एका दुपारी, ज्वारीची कडक भाकर तोडताना, खालची कवळी उसळली आणि सरळ मधल्या वाटीत जाऊन पडली.

एक जण हसला. मिस्त्रींनी कवळी उचलली, फडकं उचललं आणि मागे न बघता निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा बॉयलरमागे बसायला लागले. पंजाबराव बोलवायला यायचे. मिस्त्री सांगायचे, पोट बिघडलंय, घरून खाऊन आलो, आज भूक नाही. काही दिवस गेले आणि पंजाबरावांनी बोलावणं सोडलं. नंतर बोलणंही सोडलं. फाटक्या तोंडाचा माणूस गप्प झाला की फार वाईट, तो पुन्हा बोलता होत नाही.

मी म्हटलं, अहो, त्यांना सरळ सांगायचं ना, कवळी पडते, लाज वाटते. पंजाबराव काही परके नाहीत.

"कसं सांगू, रामभाऊ?" मिस्त्री म्हणाले. "त्यायनं लोकायशी भांडून मले त्या वाटीपाशी बसोलं. आन म्या काय टाकलं त्या वाटीत? माह्या तोंडातली थुका."

उष्ट्याखरकट्याचे नियम आमच्या घरातही होते आणि ते कोणी कोणासाठी केले हे मला माहीत होतं. ज्यांनी त्यांना जन्मभर लांब बसवलं त्यांचाच हिशोब मिस्त्री स्वतःवर लावून बसले होते, याची मला चीड आली आणि वाईटही वाटलं. पण माझ्या चिडण्याचा त्यांना उपयोग नव्हता. पंजाबराव त्या हंगामानंतर काम सोडून कायमचे भातकुलीला जाणार होते, मुलांना शेतीचं जमत नव्हतं म्हणून.

"हंगाम सराच्या आत मले त्या गोलात बसाचं हाये," मिस्त्री म्हणाले. "पंजाबभाऊच्या बाजूले. पुरी भाकर खाऊन उठाचं हाये, बस. मंग काही नाई झालं तरी चालते."

खुंट्या बसवल्या त्या दिवशी अवजारांचं ताट धरून मी शेजारी उभा होतो. मिस्त्रींनी हूं की चूं केलं नाही. झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना पुन्हा पुन्हा बजावलं की हाड लाकडासारखं नाही, ते जिवंत आहे. आत्ता खुंटी नुसती अडकलेली आहे. दोन-तीन महिन्यांत हाड आपण होऊन वाढेल आणि तिला धरेल. तोवर मऊ खायचं आणि खुंटीला हात लावायचा नाही. मिस्त्रींनी मान हलवली. मला तेव्हाच कळायला हवं होतं की ज्याच्या जन्माचा धंदा हात लावण्याचा आहे त्याला हे सांगून काय होणार. पण कळलं नाही.

तो हिवाळा मिस्त्रींनी कण्या आणि आंबील यांच्यावर काढला. जिनाजवळच्या एका खोलीत ते एकटेच राहत. मुलगी शालू अचलपूरला दिलेली, जावई धर्मपाल तिथे मास्तर. दोघं बोलवायचे, बाबा, इथेच राहा. मिस्त्री एकदा गेलेही. जावयाच्या पंक्तीला बसायची वेळ आली तेव्हा उपास असल्याचं सांगितलं. दीक्षा घेतलेल्या माणसाला कसला आलाय उपास, पण पोरीने ओळखलं आणि ताट आतल्या खोलीत नेऊन दिलं. तिथे भिंतीकडे तोंड करून जेवले आणि दुसऱ्या दिवशी एसटीने परत आले. पुन्हा गेले नाहीत. ओट्यावरच्या त्या चहाचा उलगडा मला तेव्हा झाला. कवळी काढून ठेवली की तोंडाचं बोळकं होई, लावली की घोटाबरोबर हले, आणि दोन्ही कोणाला दिसू नये म्हणून ते वळून बसत.

होळीच्या सुमारास डॉक्टरांनी नवी कवळी अडकवली. टक् असा आवाज झाला. मिस्त्रींनी जिभेने ढकलून पाहिलं, हलली नाही. आरशात पाहिलं आणि हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहत होतो. चांगला देखणा माणूस होता. मी चहा मागवला. ते सवयीने भिंतीकडे वळले. मी म्हटलं, मिस्त्री, आता तरी इकडे तोंड करा. ते अर्धे वळले आणि तसाच चहा प्यायले. डॉक्टरांनी सांगितलं, आता हळूहळू भाकरीवर या, आधी पोळी, मग ताजी भाकर, कडक भाकर इतक्यात नको.

इथपर्यंत सगळं नीट होतं. पुढचं जे झालं ते दुसऱ्या कोणाच्या हातून झालं नसतं, मिस्त्रीच हवा.

जिनातली यंत्रं दिवसभर थरथरतात. संध्याकाळपर्यंत प्रत्येक नट थोडा थोडा सैल होतो. मिस्त्री रोज फिरून ते आवळायचे आणि आवळून झाल्यावर वरून अर्धा आटा जास्त द्यायचे. त्या अर्ध्या आट्यावर त्यांचं सगळं नाव होतं. त्यांनी आवळलेला नट हंगामभर हलत नाही असं म्हणत. तर हंगामाच्या शेवटी शेवटी त्यांना कवळी किंचित हलल्यासारखी वाटली. आमच्याकडे यायचं सोडून त्यांनी सायकलच्या तारा आवळायची बारकी चावी घेतली, घासून खुंटीच्या चौकोनी डोक्याच्या मापाची केली, उकळत्या पाण्यात धुतली, आरसा खिडकीत टेकवला आणि दोन्ही खुंट्या आवळल्या. आणि वरून अर्धा आटा. दुखलं, पण घट्ट बसताना जरा दुखायचंच असं त्यांना वाटलं. दोन दिवसांनी पुन्हा सैल वाटलं, पुन्हा आवळलं. पंजाबरावांचा शेवटचा दिवस जवळ आला होता, त्यामुळे रोज सकाळी चावी फिरायला लागली.

शेवटच्या दुपारी भोंगा झाला तेव्हा मिस्त्री फडकं घेऊन निंबाखाली गेले. इतक्या दिवसांनी आलेले पाहून सगळे जरा थबकले. पंजाबरावांनी वर न बघताच सरकून शेजारी जागा केली. मिस्त्री बसले. त्या दिवशी त्यांनी स्वतः ठेचा वाटून आणला होता, भागीरथाबाई करायच्या तसा, तो मधल्या वाटीत घातला. भाकर मोडली, घास बुडवला, तोंडात घातला आणि दातांखाली दाबला.

कळ कानशिलापर्यंत गेली. तोंडात रक्त आणि पू आला, आणि एक खुंटी कवळीसकट अर्धी वर आली. मिस्त्रींनी उपरणं तोंडावर दाबलं आणि उठले. काही सांगायला तोंड उघडलं असतं तर सगळं पुन्हा त्याच वाटीत पडलं असतं. मोडलेली भाकर तशीच टाकून ते गेले. आपल्याकडे भरल्या पानावरून उठणं म्हणजे काय, हे कोणाला सांगायला नको. पंजाबराव ज्या गाडीने जाणार होते त्याच गाडीने गेले.

मिस्त्री चालत थेट दवाखान्यात आले. डॉक्टरांनी तोंड पाहिलं, धुतलं आणि चिठ्ठी लिहून एक्स-रे फोटोसाठी त्यांना अमरावतीला पाठवलं. बरोबर मी गेलो. गाडीत ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. फोटो आला तो डॉक्टरांनी दवाखान्याच्या खिडकीवर धरला. पांढुरक्या जबड्यात दोन खुंट्या, आणि प्रत्येक खुंटीभोवती काळी पोकळी, तिच्यात आणखी एक खुंटी मावली असती. हाड खुंटीला सोडून चारी बाजूंनी मागे सरलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, हात कोणी लावला. मिस्त्रींनी खिशातून चावी काढून टेबलावर ठेवली.

डॉक्टर संतापले. असे संतापलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. ते म्हणाले, खुंटी हलतच नव्हती, कवळीच्या आतलं बटण झिजलं होतं, ते मी पाच मिनिटांत बदलून दिलं असतं. लोखंड दाबलं की सोसतं. हाडाला भार हवा असतो, पण आवळून धरलं की ते मरतं. मग पुन्हा फोटोकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज उतरला. म्हणाले, मिस्त्री, अर्धी चूक माझी आहे. हे आटे फार धारदार आहेत. प्रत्येक आटा सुरीसारखा हाडात रुतलाय. बोथट, रुंद, गोलसर आटे असते तर भार पसरला असता, हाडाने कदाचित तुमचा अर्धा आटासुद्धा सोसला असता. पहिल्या दिवशी आपण दोघांनी त्या धारेचंच कौतुक केलं.

मिस्त्रींनी हे सगळं ऐकलं की नाही, मला शंका आहे. त्यांनी मला एकच विचारलं. "पंजाबभाऊ गेले काय?"

मी म्हटलं, गेले.

खुंट्या काढल्या. जखम भरली, पण हाड जे गेलं ते गेलं. पुढच्या दोन वर्षांत खालचा जबडा पाटीसारखा सपाट झाला आणि त्यावर कुठलीच कवळी टिकेना. डॉक्टरांनी त्या बनावटीच्या खुंट्या पुन्हा कोणाला बसवल्या नाहीत. मिस्त्री जिनात जात राहिले, यंत्रं आवळत राहिले, बॉयलरमागे कण्या खात राहिले. मी अधूनमधून त्यांच्या खोलीवर जायचो. बोलायचे, चहा करायचे, पण स्वतःचा कप घेतला की पाठ फिरवायचे. पाठीशी बोलायची मला सवय झाली. एकदा मी म्हटलं, भातकुलीला चला, मी येतो बरोबर, पंजाबरावांना सांगून टाकू. ते म्हणाले, आता काय सांगू, दोनदा पानावरून उठलेल्या माणसाला कोण दारात उभं करते. पुढे जिनातली नोकरी सुटल्यावर तर ते आठवडा आठवडा कोणाशी बोलत नसत. शालू यायची, रडून जायची. मला त्यांची फार कणव यायची आणि तितकाच रागही, कारण या दुखण्यावर आमच्या कपाटात काहीच नव्हतं.

सदुसष्टच्या उन्हाळ्यात एक म्हातारा दवाखान्यात आला. खालचे सगळे दात गेलेले, वरचे चार लटकणारे, आणि तोंडात अखंड शिव्या, त्या दातांना, उन्हाला आणि एसटीच्या कंडक्टरला. मी नाव विचारलं. पंजाबराव, म्हणाला, राहणार भातकुली.

माझ्या हातातली दौत पालथी झाली. मी त्यांना आतल्या खोलीत नेलं आणि विचारलं, देवमन मिस्त्री आठवतात का. त्यांचं तोंड एकदम मिटलं. मग म्हणाले, आठवतो की, भरल्या पानावरून उठला तो. नागपूरहून आल्यावर काही वर्षांनी त्याले आमची भाकर गोड लागेनाशी झाली असंल. त्याचं बी काय चुकलं म्हणा, आमच्या लोकायनं त्याले कमी नाई छळलं. पण माह्यावर काहून राग काढला, हे नाई समजलं.

मी सांगितलं. कवळी, वाटी, खुंट्या, चावी, अमरावतीचा फोटो, सगळं. पंजाबराव खाली बघत ऐकत होते.

"कवळी पडली होती, हो," ते शेवटी म्हणाले. "एक जन हासला, त्याले मी दोन शिव्या देल्या. मंग आमी तोच ठेचा खाल्ला ना सगळ्यायनं. वाटी पुसून खाल्ली. भागीरथाबाईच्या हातची चव शिकला होता तो, टाकते कोन? पण देवमन निंगून गेलता. त्यानं मांगं वळून पाह्यलंच नाई."

त्यांचे दात काढले, हिरड्या भरल्या, कवळी झाली, याला पावसाळा उलटून गेला. तोवर देवमनले काही सांगू नको, मीच सांगन, असं त्यांनी मला बजावलं होतं. कवळी तोंडात बसली त्याच दिवशी ते म्हणाले, चाल, कंपाउंडर, दाखव त्याचं घर. घरून आणलेल्या भाकरी आणि ठेचा त्यांच्या पिशवीत होता.

मिस्त्रींनी दार उघडलं. दोघं म्हातारे एकमेकांकडे बघत उभे राहिले. पंजाबरावांनी बोलायला सुरुवात केली ती पहिल्या शिवीपासूनच, आणि ती देता देताच त्यांचे डोळे भरून आले. मिस्त्री उपरण्याने तोंड झाकून खाली बसले. पंजाबरावांनी ठेचा खाल्ल्याचं सांगितलं तेव्हा मिस्त्रींनी मान वर केली. पुन्हा विचारलं. पंजाबरावांनी पुन्हा सांगितलं, वाटी पुसून खाल्ली. मिस्त्री लहान पोरासारखे रडले. मी असं रडणं त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

मग पंजाबरावांनी भाकरी काढल्या. मिस्त्रींना चावणार नाही म्हणून दुधात कुस्करल्या, दोन ताटल्या केल्या, ठेच्याची वाटी मधे ठेवली आणि बस म्हणाले. मिस्त्रींनी आपली ताटली घेतली आणि त्यांच्याही नकळत भिंतीकडे तोंड करून बसले. एवढं रडून झालं, एवढं बोलून झालं, तरी पाठ आपोआप फिरली. किती वर्षं त्या माणसाने दुसऱ्याच्या समोर घास घेतला नव्हता. जे वापरात नाही ते झिजतं असं डॉक्टर म्हणायचे, आणि ते काही हाडापुरतंच खरं नव्हतं. मी तोंड उघडणार तोच पंजाबरावांनी हाताने मला थांबवलं.

त्यांनी नवी कोरी कवळी तोंडातून काढून खिशात टाकली. आपली ताटली उचलली, ठेच्याची वाटी उचलली, आणि मिस्त्रींच्या शेजारी, भिंतीकडेच तोंड करून, खांद्याला खांदा लावून बसले. वाटी दोघांच्या मधे, भिंतीशी ठेवली. मिस्त्रींचा हात थांबला. मग हळूच पुढे आला आणि वाटीत बुडाला.

मी दारातच उभा होतो. मान न वळवता पंजाबराव म्हणाले, "कंपाउंडर, तू काहून उभा? सरक इकडे."

मी चपला काढल्या आणि भिंतीकडे तोंड करून त्यांच्या शेजारी बसलो.